खान्देशातून कोकणच्या खाडीत कयाकिंगला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा या भागातली आम्ही काही मंडळी दर उन्हाळ्यात कोकणातल्या लहान बंदरगावांत कयाकिंगला जातो. सोबत कधी शेजारी असतात, कधी नातेवाईक, कधी मुलांच्या मित्रांचे आईवडील. निघायच्या आधीच्या महिन्यात फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. भरती-ओहोटीचं उत्तर लांबलं आहे, पण ते मात्र शेवटपर्यंत वाचा. बाकीचं बरंचसं तिथं गेल्यावरही कळतं.

आपल्याकडं तापी आहे, वाघूर आहे, हतनूर आहे. मग एवढ्या लांब कशाला?

एप्रिल-मेमध्ये पांझरा, बोरी, गिरणा यांच्या पात्रात चालत फिरता येतं, वल्हवायला पाणी कुठलं? धरणांत पाणी असतं, पण ती जलसंपदा खात्याच्या ताब्यात आहेत आणि परवानगीशिवाय तिथं उतरता येत नाही. वाघूरच्या पाण्यावर जळगाव शहराची तहान भागते, हेही विसरायला नको. शिवाय धरणात गाळ असतो, बुडालेली झाडं असतात, जुन्या विहिरी असतात, आणि काठावर जीवरक्षक नसतो. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या धरणात पोरं बुडाल्याची बातमी येते. ती वाचली की पोटात गोळा येतो.

कोकणातल्या खाडीला मात्र मे महिन्यातही पाणी असतं, कारण ते समुद्राचं असतं. गावात कयाक भाड्यानं मिळतात, सोबत माणूस येतो, आणि खाडीच्या आतल्या अंगाला लाटा जवळजवळ नसतात. शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही.

कयाक म्हणजे नेमकं काय? ती उलटत नाही का?

एक किंवा दोन माणसांची अरुंद, हलकी होडी. दोन्ही टोकांना पातं असलेल्या एकाच वल्ह्यानं ती चालवतात. आपल्याकडच्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी वर बसायची कयाक मिळते. ती आतून पोकळ आणि चारी बाजूंनी बंद असते, वरच्या खोलगट जागेत आपण बसतो. तिच्या तळाला आरपार भोकं असतात. पहिल्यांदा बघणारा हमखास घाबरतो, "होडीला भोकं पडलीत की!" पण ती मुद्दाम ठेवलेली असतात. वर आलेलं पाणी त्यांतूनच खाली निघून जातं. अशी कयाक उलटली तरी बुडत नाही, फक्त आपण पाण्यात पडतो. आत पाय घालून बसायची बंद कयाक वेगळी. तिचं शिक्षण घेतल्याशिवाय तीत बसू नका.

पोहता येत नाही. चालेल का?

खाडीत, लाइफ जॅकेट घालून, सोबत्याच्या कयाकच्या हाकेच्या अंतरात चालेल. उघड्या समुद्रात नाही.

पण आमचा एक आग्रह आहे. निघण्याआधी गावातल्या जलतरण तलावात निदान आठ-दहा दिवस जा. पोहणं पूर्ण आलं नाही तरी नाकातोंडात पाणी गेल्यावर घाबरायचं नाही, पाठीवर पडून तरंगायचं, एवढं जमलं पाहिजे. पाण्यात पडल्यावर माणूस पाण्यापेक्षा जास्त भीतीनं दमतो. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या ग्रुपमधले साठीच्या पुढचे दोन आप्पा पडल्यावर सगळ्यात शांत होते.

कोणत्या महिन्यात जायचं?

मार्चच्या मध्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, त्यामुळं बहुतेकांना एप्रिलचा शेवट सोयीचा पडतो. मे अर्धा उलटला की समुद्राचा रंग बदलतो, वारा वाढतो, लाटा उंच होतात. साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार बंद ठेवले जातात, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीलाही बंदी असते. या काळात कुणी "चला, आपली ओळख आहे, सोडतो पाण्यात" म्हणालं तरी जाऊ नका. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ती माणसं होड्या वर ओढून ठेवतात, तिथं आपण पाहुण्यांनी उतरण्यात शहाणपण नाही.

एप्रिल-मेमध्येही आकाश निरभ्र असताना अचानक मोठ्या लाटा येऊ शकतात. दूर दक्षिणेला हिंदी महासागरात उठलेलं वादळ इथं लाटा पाठवतं. त्यांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. निघण्याआधी तो आणि हवामान खात्याचा अंदाज दोन्ही बघा.

भरती-ओहोटीचं गणित कसं समजायचं? आम्ही कधी समुद्र पाहिलेलाच नाही.

पहिल्या वर्षी आमच्यासोबत एक आक्का होत्या, अमळनेरकडच्या. रात्री उशिरा पोहोचलो तेव्हा घराच्या मागं काठोकाठ खाडी होती. सकाळी त्या चहाचा कप घेऊन मागच्या पडवीत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "आवं माय, पानी कोठे गयं?" समोर नुसता काळा चिखल, त्यात आडवी पडलेली होडी आणि चिखलातून चालणारे पांढरे बगळे. नदी रात्रीतून आटते हे त्यांच्या मनाला पटेना. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कळलं की इथं पाण्याला वेळ असते.

समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. हे चंद्रामुळं होतं, म्हणून त्याचा हिशोब तिथीवरून करता येतो. किनाऱ्यावरची जुनी माणसं तो असा करतात : तिथीची पाऊणपट करा, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हेच गणित, आणि दिवसा जी वेळ, जवळपास तीच रात्री. अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतो. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते. म्हणून प्रत्यक्ष उतरताना त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघायचं आणि गावातल्या माणसाला विचारायचं. पण जळगावात बसून सुट्टीची तारीख ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आता अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया घ्या. वैशाख शुद्ध तृतीया, तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे भरती दुपारी सव्वादोनला, आणि सकाळी आठच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली. अखाजीला लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, सगळं घर एकत्र असतं, आणि लगेच "चला दोन दिवस कोकणात" असं ठरतं. जा जरूर, पण त्या सकाळी खाडीत चिखल असेल. आठवडाभर थांबलात तर एकादशी येते, आणि आमच्या मते कयाकिंगला सगळ्यात गोड तिथी एकादशीच. दशमी ते द्वादशी हे तीन दिवस धरा. सकाळी साडेसहा-सातला उतरायचं. तेव्हा पाणी आत शिरत असतं, त्याच्यासोबत आपणही आत जायचं. सव्वाआठच्या आसपास पाणी थोडा वेळ थबकतं. मग ते परतायला लागतं आणि तेच आपल्याला परत आणतं. दोन्ही वेळा पाणी आपल्या बाजूनं. शिवाय एकादशीला उधाणही नसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला सगळ्यात कमी, त्याला कोळी लोक भांग म्हणतात. मुंबई-अलिबागकडे उधाणाला हा फरक चार मीटरच्या वर जातो, दक्षिणेला मालवणकडे तो बराच कमी असतो. म्हणून नवशिक्यांना आम्ही दक्षिण कोकण सुचवतो.

हे सगळं आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. दुसऱ्या वर्षी हनुमान जयंतीच्या सुट्टीला गेलो होतो. चैत्री पौर्णिमा, म्हणजे भर उधाण. अकराच्या सुमाराला काठोकाठ पाणी बघून सहा जण तीन कयाक घेऊन निघालो. सोबत स्थानिक माणूस घेतला नाही, ही चूक माझी. खाडीत पार आत गेलो, सावलीत डबे उघडले, गप्पा मारल्या. तीनच्या पुढं निघालो तेव्हा दोन्ही काठांना चिखलाची पट्टी दिसत होती. चारला मधली धार वीतभर उरली आणि कयाक बसल्या. मी उतरून ओढायला गेलो तर गुडघ्यापर्यंत रुतलो, आणि चिखलातल्या कालवाच्या शिंपल्यानं तळपाय चिरला. लांबून एका कोळी दादांनी हाक मारली, "उतरू नका, आहात तिथंच बसून राहा, पाणी येईल." मी कसाबसा पोटावर आडवा होऊन परत कयाकमध्ये चढलो. पाणी आलं रात्री आठच्या पुढं. चार तास बसलो होतो, दोन बाटल्या पाण्यावर, आणि सोबत चौदा वर्षांची मुलगी होती. तिच्या आईला फोन लागत नव्हता. तो संध्याकाळचा वेळ मला अजून आठवतो.

तेव्हापासून नियम असा : निघायच्या आधी परतायची वेळ ठरते, आणि ती पाण्याच्या हिशोबानं ठरते. चिखलात अडकलाच तर खाली उतरायचं नाही. आणि ओहोटी चालू असताना खाडीच्या मुखाकडं जायचं नाही. तिथं सगळं पाणी समुद्राकडं धावत असतं, समोरून वारा असेल तर लाटा उभ्या राहतात, आणि नवखा माणूस ओढला जातो. उतरायची जागा नेहमी मुखाच्या बरीच आत असावी.

सकाळीच का? आम्ही दुपारी पोहोचणार आहोत.

वाऱ्यामुळं. उन्हाळ्यात सकाळी पाणी आरशासारखं असतं. जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारी चांगला जोर धरतो. कयाक हलकी असल्यामुळं वारा तिला हवा तिकडं फिरवतो. दुपारी पोहोचलात तर झोप काढा, संध्याकाळी बंदरावर जा, लिलाव बघा. दापोलीजवळच्या हर्णैला संध्याकाळी होड्या परतल्यावर किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव चालतो, मासे न खाणाऱ्यानंही बघावा असा.

उघड्या किनाऱ्यावर पहाटेचा वारा कधी कधी जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. पाणी एकदम शांत दिसतं आणि कयाक नकळत बाहेर बाहेर जाते. खाडीत हा धोका कमी असतो.

आम्हाला ४५ अंशांची सवय आहे. कोकणातलं ३४ अंश काय करणार?

हा प्रश्न भुसावळकर हमखास विचारतात, आणि त्रासही त्यांनाच आधी होतो. आपलं ऊन कोरडं. घाम येतो तसा वाळतो आणि अंग गार होतं. कोकणात हवेत एवढा दमटपणा असतो की घाम अंगावरच राहतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही. त्यात पाण्यावरून उलटणारं ऊन हनुवटीखाली, नाकाखाली, मांडीवर लागतं. वारं गार लागतं म्हणून भाजल्याचं कळत नाही, रात्री कळतं.

दर तासाला निदान अर्धा लिटर पाणी, तहान लागण्याची वाट न बघता. त्यात मीठ-साखर-लिंबू. कैरीचं पन्हं न्या, कोकम सरबत तिथं मिळतंच. सनस्क्रीन दर दोन तासांनी परत लावायचं. आणि आपला बागायती रुमाल नक्की घ्या. ओला करून मानेवर टाकला की त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, अंगावर काटा आला की लगेच काठाला यायचं, "आता थोडंच राहिलं" म्हणायचं नाही.

कुठं जायचं? नावं सांगा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही मालवण-तारकर्ली-देवबागचा पट्टा सांगतो. देवबाग ही वाळूची लांब चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांची भेट. नदीच्या बाजूला घरांच्या मागच्या दारी कयाक लावलेल्या असतात. पाणी संथ, दोन्ही काठांना माड, काठापासून शंभर पावलांत चहा. संगमाकडं मात्र स्पीडबोटींची वर्दळ असते, तिकडं कयाक नेऊ नका. मालवणलाच कोळंबची खाडी आहे, ती जास्त शांत. मालवणला गेलात तर सिंधुदुर्ग किल्ला होडीनं जाऊन बघायचाच. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली खडक आहेत, तिथं स्वतः कयाक घेऊन जाण्याचा हट्ट धरू नका.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका हातानं वल्हवायच्या होडीतून कांदळवनाची, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांच्या रानाची, फेरी घडवतात. कयाकमध्ये बसायची भीती वाटणाऱ्या आजी-आजोबांना तिकडं न्या. कांदळ कोणतं, तिवर कोणतं, मुळं वर का येतात, हे त्या झाडाला हात लावून सांगतात.

दापोलीकडं आंजर्ले आवडतं. जोग नदीची खाडी आहे, वर कड्यावरचा गणपती आहे. मार्च-एप्रिलमध्ये आंजर्ले आणि वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, मुलांना ते दिसलं तर भाग्यच. हर्णैचा सुवर्णदुर्ग समोर पाण्यात दिसतो, पण तिकडचा समुद्र उघडा आहे. चिपळूण-दाभोळकडच्या वाशिष्ठी खाडीत मगरी आहेत. तिथं मोठ्या होडीतून फिरा, कयाक नको. श्रीवर्धन, दिवेआगर, नागाव ही गावं जवळ पडतात, पण शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी आणि पाण्यात स्कूटर, बनाना राइड यांचा गोंगाट. मधल्या वारी जात असाल तरच.

सुरत तर जवळ आहे. तापीच्याच मुखाशी का नको?

मनात हे आमच्याही आलं होतं. प्रकाशाला, मुडावदला, चांगदेवला जिच्या काठी आपण डोकं टेकवतो ती तापी डुमसजवळ समुद्राला मिळते, तिथं वल्हवावं असं कुणालाही वाटेल. पण तो खंभातच्या आखाताचा परिसर आहे, आणि तिथला भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे. पाणी गढूळ, ओढ जबरदस्त, मोठ्या जहाजांची ये-जा. डुमसला जाऊन काठावरून नमस्कार करा.

जायचं कसं?

मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळ, मनमाड, नाशिकमार्गे थेट कोकण रेल्वेला लागते आणि रत्नागिरीला थांबते. सुट्टीत तिची तिकिटं फार आधी संपतात. मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली ही स्टेशनं, तिथून एसटी किंवा रिक्षा. धुळ्याकडच्यांना गाडीनं मुंबई-आग्रा महामार्ग सोपा. रात्रभर गाडी चालवून सकाळी पाण्यात उतरायचं नाही, एक दिवस मधे ठेवाच.

लाइफ जॅकेट चांगलं आहे की नाही हे कसं ओळखायचं?

उतरायच्या आधी घालून सगळे पट्टे ओढा, हात वर करा आणि कुणाला तरी खांद्याजवळून वर खेचायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. बकल एकेक लावून बघा, आतला फोम चिरडून पातळ झालाय का ते दाबून बघा. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर राहतं. शिटी बांधलेली असावी.

एका ठिकाणी आम्हाला बारा जॅकेटं दिली, त्यातल्या पाचांची बकलं तुटलेली, त्यांना सुतळीच्या गाठी मारलेल्या. "काही होत नाही, पाणी कमरेएवढंच आहे," असं सांगण्यात आलं. आम्ही पैसे सोडून परत आलो. मुलं रडली, दोन काका माझ्यावर चिडले. परत तसं झालं तर परत तेच करीन.

वल्हवल्यावर खांदे भरून येतात. काय चुकतं?

नव्वद टक्के लोक फक्त हातांनी ओढतात. वल्हं डोक्यावर आडवं धरा, कोपरं काटकोनात आली की पकड बरोबर. मग पाय पायटेकूला रोवा, पाठ ताठ, आणि उजवं पातं पाण्यात जाताना उजवा खांदा पुढं न्या. ओढताना कंबरेपासून अंग फिरवा. जात्यावर दळणारी बाई नुसत्या मनगटानं जातं फिरवत नाही, सगळं अंग त्यात असतं. तसंच हे. पातं पायाच्या पंज्याजवळ बुडवायचं आणि कंबरेजवळ आलं की बाहेर काढायचं. मूठ घट्ट आवळू नका, फोड येतात.

वळायचं असेल तर उलट्या बाजूनं लांब, अर्धगोल वल्हं मारा. थांबायचं असेल तर दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं उलटं. दोघांच्या कयाकमध्ये मागचा माणूस दिशा सांभाळतो आणि पुढच्याच्या तालावर वल्हवतो. नवरा-बायकोची भांडणं इथंच होतात, म्हणून ताल आधी ठरवून घ्या. जड आणि अनुभवी माणूस मागं.

उलटली तर?

आधी वल्हं धरा, मग कयाक धरा. कयाक सोडून काठाकडं पोहत सुटू नका. ती मोठी असते, लांबून दिसते आणि तरंगते. पालथी असेल तर पलीकडची कड धरून आपल्याकडं ओढून सुलटी करा. मग मधोमध दोन्ही हात टेकवा, पाय मागं पाण्याच्या वर येईपर्यंत झाडा, आणि पोटावर सरकत आडवे चढा. लगेच उठून बसायला जाऊ नका. पोटावर पडून श्वास घ्या, मग पाठीवर वळा, शेवटी पाय आत घ्या. दुसरा माणूस असेल तर त्यानं पलीकडून कड दाबून धरावी. पहिल्या दिवशी छातीएवढ्या पाण्यात सगळ्यांनी एकेकदा मुद्दाम उलटून बघायचं, हा आमच्याकडं नियमच आहे.

मुलं आणि मोठी माणसं?

मुलं मोठ्या माणसासोबत दोघांच्या कयाकमध्ये. वयापेक्षा मूल सांगितलेलं ऐकतं का हे बघा. हृदयविकार, फिट, खांदा निखळण्याचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. वजन लपवू नका. एकट्याच्या कयाकला साधारण १०० ते १२० किलोंपर्यंतची मर्यादा असते.

कपडे काय घालायचे? साडीवर चालेल?

साडी नको. पडल्यावर ती पायांत गुंडाळते. आमच्या आयांना, काकूंना हे सांगताना सुरुवातीला संकोच वाटायचा, आता वाटत नाही. सलवार-कुडता चालतो, ओढणी मात्र काठावर ठेवा. सुती कपडा आपल्याकडं उन्हाचा राजा, पण भिजला की जड होतो आणि वाळत नाही. लांब बाह्यांचा खेळाचा टी-शर्ट बरा. पायात मागून पट्टा असलेले सॅंडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट, अनवाणी मुळीच नाही. उथळ पाण्यात पाय घासत चाला म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला सरकतं. चष्म्याला दोरी बांधा, मंगळसूत्र आणि अंगठ्या खोलीवर ठेवा.

मोबाइल?

पाणबंद पिशवीत, पिशवी कयाकला बांधलेली. प्रत्येक ग्रुपमध्ये निदान दोन फोन सोबत हवेत आणि दोन्ही पूर्ण चार्ज.

आम्ही माळकरी आहोत. जेवणाचं काय होईल?

चांगलं होईल. आधी सांगितलं तर घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी वेगळ्या भांड्यांत करून देतात. घावणे, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी. मेमध्ये आंबे, फणस, काजू सगळंच असतं. तिखट आपल्यापेक्षा कमी, म्हणून ठेचा न्या. प्रवासाला दशम्या आणि आपली केळी. एकादशीचा उपवास असेल तर रिकाम्या पोटी उतरू नका, दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू खाऊन उतरा.

वाटेत काय दिसतं?

खंड्या, बगळे, घार. चिखलात एकच नांगी मोठी असलेले खेकडे, ती हलवत उभे असतात, सावली पडली की एका क्षणात सगळे बिळात. कांदळवनाच्या चिंचोळ्या वाटेत वल्हं थांबवलं की चिखलातून बुडबुडे फुटल्यासारखा टिकटिक आवाज येतो. तिथं दोन मिनिटं गप्प बसा. फांद्या धरून होडी ओढू नका, मुळांवर कयाक चढवू नका, प्लास्टिकचा एक कागदही टाकू नका. हीच मुळं कोळ्यांच्या माशांची पाळणाघरं आहेत. डॉल्फिन दिसले तर थांबा, पाठलाग नको.

संकटात कुणाला फोन करायचा?

११२. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. तिन्ही फोनमध्ये आत्ताच साठवा. निघताना घरमालकाला सांगा : किती जण, कोणत्या रंगाच्या कयाक, कुठं चाललो, किती वाजता परत. तो तुमची वाट बघत असतो, म्हणून परतल्यावर त्याला आधी भेटा, मग अंघोळीला जा.

किती खर्च येतो?

दर गावागणिक आणि सुट्टीगणिक बदलतात. पैशांपेक्षा हे विचारा : तासाचे की फेरीचे? सोबत माणूस येणार का, आणि त्याचं जीवरक्षकाचं प्रशिक्षण झालंय का? गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत असं प्रशिक्षण मिळतं, ते घेतलेले लोक विचारल्यावर प्रमाणपत्र आनंदानं दाखवतात. शंभर रुपयांसाठी सोबतचा माणूस वगळू नका.

निघण्याआधी घरी काय तयारी करू?

जलतरण तलावाचं वर सांगितलंच. त्याशिवाय महिनाभर रोज दहा मिनिटं जमिनीवर पाय लांब करून, पाठ न टेकता बसा. कयाकमध्ये तासभर तसंच बसायचं असतं, आणि खुर्चीची सवय लागलेल्यांची कंबर तिथं बोलते. झाडूची काठी हातात घेऊन तसंच बसून अंग फिरवायचा सराव करा. मुलांना हे फार आवडतं. आमच्याकडं गच्चीवर चटया टाकून संध्याकाळी सहा-सात जणं काठ्या घेऊन बसतात, एक जण ताल मोजतो. कॅलेंडर खाली काढून मुलांकडून तिथीची पाऊणपट करून घ्या, आणि सुट्टीतल्या प्रत्येक दिवसापुढं पेन्सिलीनं भरतीची वेळ लिहायला लावा. तिथं पोहोचल्यावर पहिल्या सकाळी तीच पोरं कॅलेंडरचं पान हातात धरून काठावर उभी राहतात, पाणी वेळेवर येतं की नाही ते बघायला.